कोरडे डोळे

आपल्या मराठीत माणसाच्या काळजाची परीक्षा डोळ्यांतल्या पाण्यावर होते. डोळे भरून आले, पाणावले, डोळ्यांना धारा लागल्या की माणूस मायाळू. आणि कोरड्या डोळ्यांनी बसून राहिला की दगडाच्या काळजाचा! घरात आपण कोकणी बोलतो, तिथेही न्याय हाच. ‘रडूंक ना गो ती’ असे कुणाविषयी म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. आज ह्याच कोरड्या डोळ्यांविषयी लिहायचे आहे. पण काळजाच्या बाजूने नव्हे, खऱ्याखुऱ्या डोळ्यांच्या बाजूने.

मी सरकारी कचेरीत कारकून. वय अठ्ठेचाळीस. सकाळी साडेनऊपासून संगणकाचा पडदा, डोक्यावर एसी, समोर नोंदींचे रकाने. दोनेक वर्षांपूर्वी असे होऊ लागले की दुपारी तीनच्या सुमारास माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायचे. पलीकडच्या टेबलावरची मुलगी हळूच विचारायची, “मॅडम, घरा सगळें बरें मूं?” शिपायाने तर एकदा न सांगता चहा आणून ठेवला. घरी सगळे बरे होते. डोळेच तेवढे चुरचुरत होते, आणि संध्याकाळी पुस्तक उघडले की अक्षरे पुसट व्हायची, पापण्या मिटून उघडल्या की पुन्हा स्पष्ट.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासले आणि सांगितले, “तुमचे डोळे कोरडे पडलेत.”

मी म्हटले, “कोरडे? अहो, पाणी थांबत नाही!”

“म्हणूनच,” ते म्हणाले.

मंडळी, गंमत अशी आहे. आपल्या डोळ्यांवर सतत एक पातळ ओला पडदा असतो. आतल्या बाजूला चिकट श्लेष्म, त्यावर पाणी आणि सर्वांत वर तेलाचा अगदी बारीक थर. मिस्कुटाच्या बरणीत फोडींवर तेल उभे राहते ना, तसेच. हे तेल नसले तर खालचे पाणी भराभर उडून जाते. ते तयार करणाऱ्या ग्रंथी पापण्यांच्या कडेला ओळीने असतात. हाइनरिश मायबोम ह्या जर्मन वैद्याने 1666 साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना त्याचेच नाव. ह्या ग्रंथी तुंबल्या की पडदा जागोजागी फाटतो, डोळा उघडा पडतो, चुरचुरतो. मग मेंदू घाबरून वरच्या अश्रुग्रंथीला हुकूम सोडतो आणि पाण्याचा लोंढा येतो. पण त्या लोंढ्याला टिकाव नसतो. तो गालावरून ओघळून जातो आणि डोळा पुन्हा कोरडाच राहतो.

आपल्या गोव्यात पावसाळ्यात धुतलेली चादर चार दिवस वाळत नाही, मग डोळे कसे वाळतात, हा माझा पुढचा प्रश्न होता. उत्तर सोपे आहे. दिवसाचे आठ तास आपण गोव्याच्या हवेत नसतोच, एसीच्या कोरड्या हवेत असतो. शिवाय एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा मिटणारी पापणी पडद्याकडे बघताना त्याच्या निम्म्यानेही मिटत नाही, आणि मिटली तरी अर्धवटच. त्यात माझे पाळी जाण्याचे वय. ह्या वयात बायकांना हा त्रास अधिक होतो. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही तो वाढतो.

एवढे सांगून झाल्यावर डॉक्टरांनी विचारले, “तोंडाला कोरड पडते? सांधे दुखतात? घरात कुणाला असा त्रास आहे?”

आहे. माझ्या आईला आहे. आणि खरे म्हणजे तिच्यासाठीच मी हे लिहायला बसले.

बाबा 2011 साली गेले. फोंडा महालातल्या आमच्या गावच्या घरी बारा दिवस माणसांची रीघ होती. आई माजघरात भिंतीला टेकून बसायची. येणारी प्रत्येक बाई तिच्या गळ्यात पडून रडायची, आणि आई मात्र डोळ्यांना पदर लावून नुसती बसून. पदर बाजूला केला की डोळे लालभडक, पण थेंब नाही. बेचाळीस वर्षांचा संसार, आणि थेंब नाही! सोप्यावर कुजबुज सुरू झालीच. आईच्या कानावर ती गेली होती, हे मला ठाऊक होते. रात्री ती मला एवढेच म्हणाली, “म्हजीं दुकां येनाशीं जाल्यांत गो.” मी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यावर बोलण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते.

त्याआधी कितीतरी वर्षे ती सांगत होती की डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते. भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नसे, म्हणून दोन्ही वेळा पेजच जेवायची. दात एकेक करून किडले. बोटांचे सांधे सकाळी आखडायचे. डोळ्यांचे एकाला दाखवले, दातांचे दुसऱ्याला, सांध्यांचे तिसऱ्याला. प्रत्येकाने ‘वय झाले’ म्हणून आपापले औषध दिले. ही सगळी एकाच दुखण्याची लक्षणे आहेत, हे 2014 साली एका तरुण डॉक्टरीणबाईंनी ओळखले.

त्या दुखण्याला श्योग्रेनचा आजार म्हणतात. हेन्रिक श्योग्रेन ह्या स्वीडनच्या नेत्रवैद्याने 1933 साली आपल्या प्रबंधात त्याची मांडणी केली. शरीराची जी फौज बाहेरच्या जंतूंशी लढायची, तीच आपल्या अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर चाल करते. दहा रोग्यांत नऊ बायका असतात. ह्यात तेलाचा नव्हे, पाण्याचाच झरा आटतो. माणूस कितीही गहिवरला तरी डोळ्यांत पाणी उभे राहत नाही.

तपासणीत एक साधी चाचणी असते. टिपकागदाची बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवायची आणि पाच मिनिटांत ती किती भिजते ते मोजायचे. पाच मिलिमीटरपेक्षा कमी म्हणजे डोळा फारच कोरडा. आईची पट्टी दोन मिलिमीटर भिजली होती. डॉक्टरीणबाईंनी ती तिला दाखवली. आई बराच वेळ पट्टीकडे बघत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे दुकांच नासलीं.” ती हे कुणाला उद्देशून बोलली ते डॉक्टरीणबाईंना कळण्याचे कारण नव्हते. मला कळले.

असो. माझ्या रक्ताच्या तपासण्या चांगल्या आल्या. माझे दुखणे तेलग्रंथींचे, घरच्या घरी आवरण्यासारखे. मला सांगितलेले उपाय इथे लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडतील. सकाळी कोमट पाण्यात पिळलेला स्वच्छ कपडा मिटलेल्या पापण्यांवर पाच-दहा मिनिटे ठेवायचा, निवला की पुन्हा बुडवायचा, मग पापण्यांच्या कडा बोटाने हलकेच चोळायच्या. संगणकाचा पडदा डोळ्यांच्या रेषेच्या थोडा खाली घ्यायचा, म्हणजे डोळे फार उघडावे लागत नाहीत. दर 20 मिनिटांनी 20 फुटांवरचे काहीतरी 20 सेकंद पाहायचे आणि पापण्या पूर्ण मिटायच्या. मी खिडकीबाहेरचा गुलमोहर पाहते. एसीचा किंवा पंख्याचा झोत थेट तोंडावर नको. मांडवीच्या पुलावरून स्कूटर नेताना हेल्मेटची काच खाली.

कृत्रिम अश्रूंचे थेंब मिळतात. दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा घालायचे असतील तर टिकवण्याचे रसायन नसलेले घ्यावेत, कारण ते रसायनच डोळ्याला खुपते. लाली घालवणारे थेंब हे त्याचे औषध नव्हे. आणि फार्मसीवाल्याला विचारून स्टिरॉइडचे थेंब तर मुळीच घालू नयेत. त्यांनी आधी बरे वाटते, पण डोळ्यातला दाब वाढून दृष्टी जाऊ शकते, मोतीबिंदूही होतो. मध, गुलाबपाणी वगैरे डोळ्यांपासून लांबच बरे.

डोळ्यांबरोबर तोंडही कोरडे पडत असेल आणि सांधे दुखत असतील, तर तिन्ही गोष्टी एकाच डॉक्टरांना एकाच वेळी सांगा. आमच्या आईची कितीतरी वर्षे गेली ती हे तीन धागे कुणी एकत्र न धरल्यामुळे.

आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. दर दोन तासांनी थेंब घालते, सांध्यांची गोळी घेते, पेज जेवते. गावात कुणी गेले तर ती भेटायला जाते. तिथे कोण रडले आणि कोण नाही, ह्याची गोष्ट ती घरी कधीच आणत नाही. आपणही आणू नये, एवढेच माझे मागणे.