निलोफर, आपा आणि आमचा पॉडकास्ट

गेल्या वर्षापासून आम्ही चार मित्र दर रविवारी एक जुना सिनेमा पुन्हा बघतो आणि त्यावर तासभर जे काही बोलतो ते फोनवर रेकॉर्ड करतो. याला पॉडकास्ट म्हणतात हे आम्हाला वकीलसाहेबांच्या मुलीनं सांगितलं. तोवर आम्ही त्याला टाइमपास म्हणत होतो. चौघांत एक वकील, एक दर्जी, एक विज्ञानाचा मास्तर आणि एक मी, उर्दू-मराठीचा मास्तर. रेकॉर्डिंग दर्जीभाईच्या दुकानात होतं. चहूकडे कापडाचे तागे असले की आवाज घुमत नाही, हे आम्हाला चुकून सापडलेलं तंत्रज्ञान.

सुरुवात अर्थातच 'अमर अकबर अँथनी'नं केली. 1977चा मनमोहन देसाईंचा सिनेमा, सोलापुरातल्या आमच्या पिढीनं तो थिएटरात कमी आणि व्हिडिओवर जास्त पाहिला. तीन भाऊ शेजारी शेजारी झोपून एकाच वेळी आईला रक्त देतात, तो प्रसंग आला आणि विज्ञानमास्तर उठून उभे राहिले. तिघांचं रक्त नळ्यांतून वर बाटलीत चढतं आणि तिथून खाली आईच्या अंगात उतरतं. "अरे, वर कसं चढतं? पंप कुठंय? पंप दाखवा मेरेकू!" तेव्हापासून 'पंप कुठंय' हा आमचा तकियाकलाम झाला. सिनेमात अशक्य काही घडलं की कुणीतरी पंप विचारतोच. दर्जीभाईंचं दुःख वेगळं. अकबरला एका दर्ज्यानं वाढवलं, आणि पोरगा कव्वाल झाला! "दुकान कोण बघणार?" असं ते इतक्या कळवळून म्हणाले की तेवढा भाग आम्ही दोनदा ऐकला.

मग 'चौदहवीं का चाँद' (1960), 'मेरे महबूब' (1963). एक लखनौचा, दुसरा अलीगढच्या विद्यापीठात सुरू होणारा. दोन्हींत बुरख्याआडच्या चेहऱ्यावरून सगळा गोंधळ. दर्जीभाई म्हणाले, "बुरखा माझ्या हातचा असता तर शिलाईवरून बाई ओळखली असती. सिनेमा अर्ध्या तासात खलास."

हसता हसता एक गोष्ट मात्र खुपत राहिली. या सिनेमांत मुसलमान म्हणजे हवेली, झुंबर, शेरवानी आणि आदाब. आमच्या घरांत आदाब कोण करतं? सलाम करतात आणि विचारतात, जेवला का. ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी खाणारा मुसलमान त्या पडद्यावर औषधालाही नाही. वर्गात पोरं मला विचारतात, "सर, ते लोक बोलतात तसं आपण का बोलत नाही?" आमच्याकडे कलमचं 'खलम' होतं, त्याची त्यांना लाज वाटते. मी सांगतो, लखनौला नवाबी सुरू व्हायच्या कितीतरी आधी विजापूर-गोवळकोंड्यात दखनीत कविता लिहिली जात होती. पोरं मान डोलावतात आणि मधल्या सुट्टीत पुन्हा नवाबाची नक्कल करतात. सिनेमाशी मास्तर कसा स्पर्धा करणार!

असं हसतखेळत चाललं होतं आणि 'निकाह'ची पाळी आली. 1982, बी. आर. चोप्रा, सलमा आगा, राज बब्बर, दीपक पाराशर. लग्नाच्या वाढदिवसाच्या पार्टीवरून भांडण होतं आणि नवाबसाहेब रागात तीनदा तलाक म्हणून मोकळे होतात. वकीलसाहेबांनी पार्टीतल्या कपड्यांवर दोन विनोद केले. तेवढ्यात मागच्या शिलाई मशीनवरून आवाज आला, "मेरेकू बोलना है."

दर्जीभाईंची मोठी बहीण. आम्ही सगळे त्यांना आपा म्हणतो. ब्लाउजची काजं, फॉल-पिको हे खातं त्यांचं. रेकॉर्डिंग चालू असताना मशीन बंद ठेवून बसायच्या, कधी हसायच्या, बोलायच्या मात्र कधीच नाहीत. त्यांना तलाक नव्वदच्या दशकात पोस्टानं आला, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्या स्वतः त्याबद्दल बोललेल्या कुणी ऐकलं नव्हतं.

आपा फोनजवळ येऊन बसल्या. "रजिस्टर होतं. पोस्टमननं सही घेतली. आत काय आहे माहीत नाही, आणि मी सही केली. म्हणजे कबूल है मी दोनदा बोलले." कुणी हसलं नाही. त्याच हसल्या. "निलोफरला हैदर मिळाला. मला हे मशीन मिळायला तीन वर्षं लागली, तेही जुनं. पंप कुठंय विचारा की आता."

अकरा मिनिटं बोलल्या. मेहेर किती ठरला होता, परत किती आला. माहेरी स्वयंपाकघरात कुठल्या कोपऱ्यात झोपायच्या. मोहल्ल्यातल्या बायका लग्नघरी हळदीला बोलवायच्या नाहीत, ते. तपशील इथे लिहीत नाही, ते त्यांच्या आवाजातच राहू देत.

मग वाद पेटला. वकीलसाहेब म्हणाले, हे टाकायचं नाही. उद्या कुणीतरी दोन मिनिटं कापून फिरवेल, खाली शिव्या घालेल, बघा हे लोक असेच. त्यांची भीती खोटी नाही. 2017ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, 2019ला कायदा आला, त्या दिवसांत टीव्हीवर आमच्या बायकांबद्दल कळवळून बोलणारे चेहरे आठवले की अजून अंगावर काटा येतो. दर्जीभाईंचं म्हणणं, टाकायचंच. इतकी वर्षं गप्प बसून काय मिळालं? मी त्यांच्या बाजूचा. हमीद दलवाईंनी 18 एप्रिल 1966 रोजी सात मुस्लीम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला होता. फक्त सात. तेव्हाही शहाण्या माणसांनी हेच सांगितलं असणार, घरातलं घरात ठेवा. शत्रू ऐकेल म्हणून आपण आपल्याच बहिणीचं ऐकायचं नाही, हा हिशेब मला आजवर जमलेला नाही.

वकील आणि दर्जीभाई एकमेकांवर ओरडत होते. आपा बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "सिनेमा नीट बघितला का रे तुम्ही? शेवटी काय होतं? एक नवरा म्हणतो घे, दुसरा म्हणतो नको, तूच ठेव. आणि ती मधे उभी."

दुकानात पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. तोही रेकॉर्ड झालाय.

"टाका," आपा म्हणाल्या. "माझं नाव नको. पोस्टमनचं ठेवा."

भाग गेला. शिव्या आल्या, अपेक्षेइतक्या नाही. कुणी कापून फिरवलाय की नाही, वकीलसाहेब रोज बघतात. एका बाईनं फक्त मशीन कुठल्या कंपनीचं ते विचारलं. आपांनी त्यांना कंपनीही सांगितली आणि जुनं घेऊ नका, मोटार जाते, हेही.

पुढचा सिनेमा आपांनीच ठरवला आहे. 'उंबरठा', जब्बार पटेलांचा, तोही 1982चाच. मी म्हटलं, आपा, त्यात हसण्यासारखं फारसं काही नाही. त्या म्हणाल्या, "तू फोन चार्ज करून आण. हसायचं मी बघते."