दोन जेम्स आणि न छापलेला रकाना

संपादकांचा आग्रह असा की, “ताई, तुमच्या छंदाविषयी हलकंफुलकं लिहा. तांत्रिक नको, लोक चकली खात वाचतात.” त्यातल्या ‘छंदा’बद्दल मी त्यांना माफ केलंय. दक्षिण ओंटारिओत लोकांच्या पूर्वजांचा माग काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे आणि माझी बहुतेक गिऱ्हाइकं स्कॉटिश वंशाची आहेत. ‘तांत्रिक नको’ हे मात्र जमेलसं वाटत नाही, कारण सध्या डोक्यात घोळणारं प्रकरण एका रकान्यावर अडलेलं आहे.

गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त गृहस्थ. त्यांचे खापरपणजोबा १८३०च्या दशकात स्कॉटलंडहून इकडे आलेले पाथरवट. आडनाव सांगणं माझ्या धंद्यात बसत नाही आणि इथली पहिली नावंही मी बदललेली आहेत. आपण त्यांना जेम्स म्हणू. तसंही त्या काळी स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यात डोळे मिटून दगड भिरकावला असता तर तो एखाद्या जॉनला नाहीतर जेम्सलाच लागला असता. ओंटारिओतल्या थडग्यावर नाव, वय आणि ‘मूळचा फाइफशायरचा’ एवढंच कोरलेलं. गृहस्थांना तीन गोष्टी हव्या होत्या: जेम्स कुठल्या जहाजानं आला, त्यानं रिडो कालवा बांधला याचा पुरावा आणि घराण्याचं टार्टन, म्हणजे ते चौकड्यांचं लोकरी कापड.

जहाज मिळत नाही. क्वेबेकला उतरणाऱ्या प्रवाशांच्या याद्या १८६५पासून नीट जपलेल्या आहेत, त्याआधीचं जे आहे ते तुटपुंजं आणि विखुरलेलं. हे मी दर गिऱ्हाइकाला सांगते आणि दर गिऱ्हाईक मी आळशी आहे अशा नजरेनं बघतं. कालव्याचं म्हणाल तर ओंटारिओतल्या प्रत्येक स्कॉटिश पाथरवटानं रिडो कालवा बांधलेला असतो, निदान नातवंडांच्या सांगण्यात तरी. कालव्याचं काम १८२६ ते १८३२ चाललं. त्यात पर्थचा टॉमस मकाय आणि अर्ल्स्टनचा जॉन रेडपाथ असे पाथरवटकी शिकून आलेले स्कॉटिश कंत्राटदार होते. मकायनं पुढे रिडो हॉल बांधला, जिथे आज गव्हर्नर जनरल राहतात. रेडपाथनं माँट्रियलला साखर कारखाना काढला. मोठ्यांची नावं राहिली, त्यांच्या हाताखाली टाकी चालवणाऱ्यांची फारशी नाहीत. शिवाय आमचा जेम्स आला तोवर कालव्यातून बोटी चालू झाल्या होत्या.

टार्टनबद्दल मी थोडी चिडूनच बोलते. प्रत्येक आडनावाला ठरावीक टार्टन ही कल्पना रुजली ती मुख्यतः १८२२मध्ये चौथा जॉर्ज राजा एडिंबराला आला त्यानंतर. वॉल्टर स्कॉटनं त्या भेटीचा थाटच असा मांडला की सगळा देश जणू डोंगराळ भागातल्या टोळ्यांचाच. वीस वर्षांनी टार्टनांचं एक ‘प्राचीन’ पुस्तक छापलं गेलं आणि ते बनावट निघालं. फाइफ हा सखल भाग, तिथल्या पाथरवटाला टोळी नव्हती. मानचिन्हाचंही तेच. स्कॉटिश कायद्यात मानचिन्ह एका व्यक्तीचं असतं, आडनावाचं नव्हे. त्याची सरकारी नोंदवही १६७२पासून आहे. विमानतळावर आडनावाचं मानचिन्ह छापलेला कप मिळतो, त्यात चहा प्यावा.

आता कागद. ओंटारिओत जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८६९ला सुरू झाली आणि सुरुवातीच्या मृत्युनोंदीत आईबापांची नावं विचारलेलीच नाहीत. खानेसुमारीत जन्मस्थान म्हणून नुसतं ‘स्कॉटलंड’. म्हणजे इकडच्या कागदांवर माणूस आकाशातून पडल्यासारखा उभा राहतो. स्कॉटलंडची सरकारी नोंद सुरू झाली १ जानेवारी १८५५ला, आणि ते पहिलं वर्ष म्हणजे आमची कामधेनू. तिथल्या अधिकाऱ्यांनी उत्साहाच्या भरात इतके रकाने छापले की निबंधक मेटाकुटीला आले आणि पुढच्याच वर्षी बरेचसे गाळावे लागले. १८५५च्या मृत्युनोंदीत मृताचं जन्मस्थान, आईबाप, जोडीदार, शिवाय सगळी मुलं जन्माच्या क्रमानं, वयांसकट. एकाच पानावर तीन पिढ्या! म्हणून देश सोडून गेलेल्या माणसाला शोधायचं तर मी मागे राहिलेल्यांचे मृत्युदाखले आधी काढते.

आणखी एक सुख म्हणजे बाई. स्कॉटिश नोंदींत लग्नानंतरही बाई माहेरच्या आडनावानं सापडते. मुलाच्या बाप्तिस्म्यात, स्वतःच्या मृत्युदाखल्यात, कित्येकदा थडग्यावरही. महाराष्ट्र मंडळात भेटल्यावर लोक हटकून म्हणतात, “वहिनी, गोऱ्यांचं काय काढत बसलात, आमची वंशावळ काढून द्या ना.” मी म्हणते, पणजीचं माहेरचं नाव आणि आडनाव आणा, काढते. बहुतेकांचं संभाषण तिथेच संपतं. आमच्याकडे तिचं आडनाव तर गेलंच, पाळण्यातलं नावही मापटं ओलांडताना गेलं. छापील कुलवृत्तांतांतही मुलगी लग्न होऊन बाहेर पडली की पुढच्या पानांवर नसते. तीर्थोपाध्यायांच्या वह्या चांगल्या आहेत, पण त्यांतही बहुधा पुरुषांचीच साखळी.

१८५५च्या मागे गेलं की चर्चच्या नोंदवह्या. सर्वांत जुनी १५५३ची, पर्थशायरातल्या एरल गावची. वाचायला जुनं वळण यावं लागतं. त्यात ‘ई’ उलटा वाटतो, ‘एच’ ओळीखाली लोंबतो, ‘एस’ला ‘एफ’ समजायचा मोह होतो. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकताना डोळ्यांना जी सवय लागली, ती इथे कामी आली. १७८३ ते १७९४ या काळात दर नोंदीला तीन पेन्स कर होता, म्हणून कित्येक आईबापांनी नोंदच केली नाही. शिवाय राष्ट्रीय चर्चमधून फुटलेले पंथ. त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे गावच्या वहीत असतीलच असं नाही. पुढे १८४३मध्ये तर साडेचारशेच्या आसपास धर्मगुरू एकदम बाहेर पडले. थांबते. चकली गार होत असेल.

फाइफमधल्या लगतच्या दोन गावांत मला दोन जेम्स सापडले. आडनाव एकच, जन्मात दोनेक वर्षांचं अंतर, दोघेही पाथरवटांच्या घरचे. पहिल्याचे वडील जॉन, मालकीचं घर असलेले कुशल कारागीर, गावात मान. दुसरा लग्नाआधी झालेला. त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीपेक्षा चर्चच्या पंचायतीच्या इतिवृत्तात जास्त सविस्तर आहे. या पंचायतीत धर्मगुरू आणि वडीलधारे मिळून गावाची नीती सांभाळत आणि सगळं लिहून ठेवत. ही इतिवृत्तं आता घरबसल्या बघता येतात. त्या पानावर आई, युफेमिया, पुढे बोलावली जाते, गरोदर असल्याचं कबूल करते, बापाचं नाव सांगते. पुढच्या बैठकीला तो हजर राहून ‘कबूल’ म्हणतो. मग दोघांना सगळ्या गावादेखत उभं राहून कानउघाडणी ऐकायची शिक्षा. तिच्या नावाखाली सही नाही, फुली आहे. कारकुनानं तिच्यापुरती शाई पुन्हा बुडवलेली असावी, फुली बाकी अक्षरांपेक्षा काळी उमटली आहे. त्या काळच्या स्कॉटिश कायद्यात आईबापांनी पुढे लग्न केलं, अगदी भटजीविना आणि नुसत्या परस्परसंमतीनं केलं तरी, मूल औरस ठरे. या दोघांनी केलं की नाही, त्याचा कागद मिळालेला नाही.

गृहस्थांना अर्थातच पहिला जेम्स हवा होता. “माझ्याकडे पुरावा आहे,” असं ते म्हणाले आणि त्यांनी नामकरणाची प्रथा पुढे केली. इथे माझ्या पित्तानं उसळी मारली.

प्रथा अशी सांगतात: थोरला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या, तिसरा बापाच्या स्वतःच्या. मुलींत थोरली आईच्या आईच्या नावाची, दुसरी वडिलांच्या आईच्या, तिसरी आईच्या. इकडच्या जेम्सचा थोरला मुलगा जॉन, म्हणजे जेम्सचा बाप जॉन, म्हणजे पहिलाच जेम्स. झालं! वंशावळीच्या प्रत्येक पुस्तिकेत हे कोष्टक छापलेलं असतं आणि माझे काही व्यवसायबंधू ते युक्लिडचं प्रमेय असल्यासारखं वापरतात. मी विचारते: ती प्रथा होती, की कायदा? आजोबांचं नाव नातवाला देण्याची रीत आमच्याकडेही होती. पण म्हणून एखादा विनायक दिसला की त्याचे आजोबा विनायकच, असं आपण म्हणू का? स्कॉटलंडातही कुणी आईच्या बाजूनं सुरुवात करी, कुणी जमीनदाराचं नाव ठेवी, कुणी गावात नव्यानं आलेल्या धर्मगुरूचं. थोरलं मूल वारलं की तेच नाव धाकट्याला देत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे नावं मुळातच मोजकी. समजा, गावात दर चार पुरुषांमागे एक जॉन आहे. मग कुठल्याही कुटुंबाचे आजोबा जॉन निघण्याची शक्यता तेवढीच. अशी जुळणी झाली तर तिला वजन किती द्यायचं? पत्नीचे वडीलही जॉन असतील तर? इकडे त्यांची नोंद नाही, त्यामुळे तेही नाकारता येत नाही. प्रथेचा उपयोग कुठे शोधायचं हे ठरवायला होतो. काय सापडलं हे तिच्यावरून ठरत नाही. एका परिसंवादात मी हे इतक्या जोरात मांडलं की अध्यक्षांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

मग पहिल्या जेम्सचे वडील जॉन यांचा मृत्युदाखला आला आणि जीव हरखला. ते वारले होते नेमके १८५५ साली. सगळी मुलं क्रमानं लिहिलेली. वारलेल्यांपुढे मृत्यूचं साल. जेम्सपुढे साल नाही, वय आहे. म्हणजे १८५५मध्ये पहिला जेम्स जिवंत होता. कुठे? इतके रकाने छापणाऱ्यांनी ‘मूल सध्या राहतं कुठे’ हा एक रकाना छापला नाही. ओंटारिओत असलेला जेम्सही १८५५मध्ये जिवंतच होता.

मी १८५१च्या खानेसुमारीत शिरले. स्कॉटलंडच्या त्या खानेसुमारीत जन्मगाव विचारलेलं आहे. १८४१ची या कामाला निरुपयोगी, कारण तिच्यात मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढलेली आहेत, चव्वेचाळीसचा माणूस चाळीसचा होतो. १८५१मध्ये एडिंबरात एक पाथरवट जेम्स मिळाला. आडनाव तेच, वय जमतं, जन्मगाव बहुधा पहिल्या जेम्सचं. बहुधा, कारण त्या गणकाचं अक्षर असं आहे की शेवटचा अर्धा शब्द नुसती लाट आहे. हा माणूस थोड्याच वर्षांत क्षयानं गेला. एडिंबराच्या पाथरवटांना हे नवं नव्हतं. शहर ज्या क्रेगलीथच्या वालुकाश्मानं बांधलं, त्याची धूळ फुप्फुसात बसे. १८२४मध्येच डॉ. विल्यम ॲलिसन यांनी लिहून ठेवलं होतं की नियमित दगड घडवणारा माणूस पन्नाशीपर्यंत छातीच्या विकाराशिवाय क्वचितच पोचतो. पाथरवटकी शिकलेला, पुढे भूगर्भशास्त्रावर लिहून नाव कमावलेला ह्यू मिलर हाही फुप्फुसं खराब करून घेऊनच त्या धंद्यातून बाहेर पडला. आता हा एडिंबरातला माणूस पहिला जेम्स असेल, तर ओंटारिओला आला तो दुसरा. युफेमियाचा.

आणि इकडच्या जेम्सच्या दुसऱ्या मुलीचं नाव युफेमिया आहे.

कोष्टकाप्रमाणे दुसरी मुलगी वडिलांच्या आईच्या नावाची. अगदी चपखल. मला खात्रीच वाटते, रात्री दिवा मालवल्यावर तर फारच वाटते, की तो हाच. पण जॉनच्या नावाला मी पुरावा मानला नाही, तर युफेमियाच्या नावाला कुठल्या तोंडानं मानू? नाव जॉनपेक्षा कमी आढळतं, हे खरं. पण त्या काळच्या स्कॉटलंडात दुर्मीळ नव्हतं. डीएनएचं गृहस्थांनी विचारलं. त्यांचं नातं पणजीकडून येतं, त्यामुळे बापाकडून मुलाकडे जाणारी वाय गुणसूत्राची चाचणी उपयोगाची नाही. दुसऱ्या चाचणीत इतक्या दूरच्या भावंडांत जवळजवळ निम्म्या वेळा सामाईक तुकडाच सापडत नाही. शिवाय फाइफमध्ये दोन्ही घरांचे वंशज शोधून त्यांना नळीत थुंकायला राजी करायचं, तेही आधी “तुमच्या खापरपणजीला गावासमोर उभं केलं होतं” हे सांगून.

स्कॉटलंडच्या फौजदारी न्यायालयांत शतकानुशतकं ‘दोषी’ आणि ‘निर्दोष’ यांच्या जोडीला तिसरा निकाल होता, ‘सिद्ध झालं नाही’. मी अहवालाच्या शेवटी तेच लिहिलं. दोन्ही बाजूंचे दाखले जोडले आणि दुसऱ्या जेम्सकडे माझा कल का आहे, तेही सांगितलं. त्या कलात युफेमियाच्या नावाचा वाटा धरलेला नाही, असं एका स्वतंत्र वाक्यात नोंदवलं. गृहस्थांनी पैसे वेळेवर दिले, आभार मानले आणि महिन्याभरात पहिल्या जेम्सची वंशावळ, जॉनच्या दगडी घराच्या फोटोसकट, सगळ्या जगाला दिसेल अशी इंटरनेटवर टाकली. माझा अहवाल तिथे ‘आधार’ म्हणून नमूद आहे.

आता ती वंशावळ उतरवून घेणाऱ्यांची रांग लागली आहे. प्रत्येक नवी प्रत जुन्या प्रतीला पुरावा म्हणते. गेल्या आठवड्यात कॅलगरीहून एका बाईंचं पत्र आलं: आमचं घराणं जॉनपर्यंत सिद्ध झालेलंच आहे, त्याच्या मागच्या दोन पिढ्या काढून द्याल का? मी आधी त्यांना १८५१चं ते गिचमिड अक्षराचं पान पाठवलं आहे आणि गावाचं नाव काय वाचता, एवढंच विचारलं आहे.