पाठभेद

विलीसच्या १९५३च्या सीजे-३बी आराखड्याची आमची जुनी जीप आम्ही घरीच दुरुस्त करतो. वर्गात पाठचिकित्सा शिकवण्याची सवय म्हणा, पण मूळ संहिता जपण्याचा आग्रह आम्ही नट-बोल्टांपर्यंत नेला होता. आतल्या उंच इंजिनासाठी उंचावलेले बॉनेट, कमानपाटे, सारे जसेच्या तसे. निष्ठा अडली ती ब्रेकपाशी. मूळ रचनेत चारही चाकांना एकाच मास्टर सिलिंडरातून, एकाच वाटेने दाब मिळतो; कुठेही नळी फुटली, की पेडल थेट तळाला. घाटाच्या उतारावर, मागे मुले बसलेली असताना, हा मूळ पाठ कोणासाठी जपायचा? पुढच्या-मागच्या चाकांना स्वतंत्र वाट देणारा दुहेरी सिलिंडर आम्ही बसवला, चारही चाकांतून हवा काढली. जुना सिलिंडर पुसून पुस्तकांच्या कपाटात ठेवला आहे.