घड्याळ कुठून आणलं?

मी प्रेमकथा लिहिते. कादंबऱ्या, दीर्घकथा, दिवाळी अंकांतल्या लघुकादंबऱ्या. एक ती, एक तो, मध्ये काहीतरी आडवं येतं आणि शेवट गोड. ओळख करून देतानाच मी हे सांगून टाकते. नाहीतर दहा मिनिटांनी समोरचा विचारणारच, "म्हणजे शैलजा राजे, योगिनी जोगळेकर यांच्यासारखं का?" आणि विचारताना आवाज जरा खाली घेणार. हो, त्यांच्यासारखंच. जमलं तर.

या लिखाणाबद्दल बरीच वर्षं माझं एक पक्कं मत होतं. बाई प्रेमकादंबरी हातात घेते ती घटकाभर घर विसरायला. ओटा आवरून झालाय, मुलं शाळेतून यायला तासभर आहे, तेवढ्यात कुणीतरी तिला महाबळेश्वरला घेऊन जावं. मग तिथं रॉकेलची रांग आणि भाजीचा भाव कशाला? हे मी फडक्यांकडून उचललं होतं. ना. सी. फडके कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत, 'प्रतिभासाधन'मध्ये त्यांनी लेखनाच्या तंत्राचा काटेकोर विचार केला, पण त्यांच्या नायकाला घरभाड्याची चिंता क्वचितच पडते. मला ते फार आवडायचं. खोटं कशाला सांगू, अजूनही आवडतं.

माझा दिनक्रम मात्र अगदीच बिनकादंबरीचा. सकाळी दहा ते एक जेवणाच्या टेबलावर लिखाण. वेगळी खोली आहे, पण तिथून गॅसवरचं दूध दिसत नाही. फुलस्केप कागद आणि निळं बॉलपेन. टाइप करून देणारा मुलगा हुशार आहे, फक्त नायिकेचं नाव दर प्रकरणात बदलतो. दुपारी प्रुफं. जुलै लागला की दिवाळी अंकांच्या संपादकांचे फोन सुरू होतात आणि त्या सगळ्यांना कथेत पाऊस हवा असतो. संध्याकाळी पत्रं. पूर्वी पन्नास पैशांची पोस्टकार्डं यायची, कडेकडेनं उभ्या ओळी लिहून भरलेली. आता व्हॉट्सॲपवर बोललेले निरोप येतात, मागे कुकरच्या शिट्ट्या. मी सगळ्यांना ठरावीक दोन ओळींचं उत्तर पाठवायची: आपला लोभ असाच राहो, वगैरे. आणि पत्र खोक्यात.

मला एक नाद आहे. वाचनालयांनी बाद केलेल्या ढिगातून, रद्दीवाल्याकडून मी माझीच पुस्तकं विकत घेते. नवऱ्याला हे खूळ वाटतं. घरात कोऱ्या लेखक-प्रतींचे गठ्ठे पडलेत आणि ही पैसे मोजून फाटकी प्रत आणते! पण मराठी कादंबरीची आवृत्ती निघते हजार-अकराशेची. त्यातल्या बऱ्याच प्रती वाचनालयांत जातात, तिथं त्यांना रेक्झिनची बांधणी होते, जाड दोऱ्यानं इतकी घट्ट शिवतात की शेवटचे शब्द शिवणीत गडप होतात. मग ती एकेक प्रत वर्षानुवर्षं घरोघर फिरते. कोऱ्या प्रतीत मी असते, फिरून आलेल्या प्रतीत बाकी सगळे. एसटीचं पंच केलेलं जुनं पातळ तिकीट, स्वेटरच्या विणीचा कात्रलेला कागद, केसाची पिन, अंगाऱ्याची पुडी, एकदा चक्क कुणाच्या तरी नातवाची दुधाचे दात मोजलेली चिठ्ठी. आणि ठरावीक पानाच्या तळाशी बारीक खुणा: कुठं चौकोन, कुठं 'सु', कुठं पाच पाकळ्यांचं फूल. ग्रंथपालबाईंनी उलगडा केला, "ताई, ती वाचून झाल्याची खूण असते. नावं सगळी सारखीच असतात हो, वाचलंय की नाही कळणार कसं?" यावर मी काही बोलले नाही.

अशाच एका प्रतीत मला तो हिशेब सापडला. माझी ऐंशीच्या दशकात घडणारी कादंबरी, नायिका खासगी शाळेत शिक्षिका. एका प्रकरणात ती नायकाला वाढदिवसाला एचएमटीचं घड्याळ देते. त्याच्या मनगटावर पट्टा बांधताना तिची बोटं थरथरतात. मला त्या पानाचा अभिमान होता. त्याच पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीनं, शाळेतल्या वहीसारखं, आकडे मांडले होते. पगार ९००. खोली २५०, मेस २२५, भावाची फी १००, घरी मनिऑर्डर ३००. खाली रेघ. बाकी २५. आणि पुढं: घड्याळ कुठून आणलं?

यातला एकही आकडा समासात लिहिणाऱ्या बाईच्या मनाचा नव्हता. सगळे मीच दिलेले, पण निरनिराळ्या प्रकरणांत विखुरलेले. तिनं ते वेचून एका जागी आणले होते. पहिल्यांदा मला राग आला. प्रेमात पडलेली मुलगी घड्याळ घेतेच, हे मी आजही म्हणेन. पण प्रश्न डोक्यातून जाईना. कारण त्याला उत्तर होतं आणि ते माझ्या कादंबरीपेक्षा मोठं होतं. घड्याळ घेतलं असेल तर त्या महिन्याची मनिऑर्डर गेली नाही. घरी आईनं पोस्टमनची वाट पाहिली. मुलीनं काहीतरी थाप मारली. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं आईपेक्षा दुसऱ्या कुणाला वर धरलं. थरथरणाऱ्या बोटांचं खरं कारण हे होतं आणि ते मला माहीतच नव्हतं. समासात बसलेल्या बाईला ते दिसलं असावं.

मग खोकी काढून जुनी पत्रं पुन्हा वाचली. महाबळेश्वरच्या बंगल्याबद्दल जवळजवळ कुणीच लिहिलं नव्हतं. चंद्रपूरकडच्या एका नर्सनं विचारलं होतं, रात्रपाळी करणाऱ्या नायिकेच्या घरी सकाळचा डबा कोण करतं? फोंड्याच्या एक बाई: साखरपुडा मोडला तेव्हा अंगठी परत केली की नाही, ते राहिलंच. परभणीचे एक निवृत्त कंडक्टर, 'ताईसाहेब' अशी सुरुवात करून: तुमचा नायक साताऱ्याहून संध्याकाळी सातला निघून पहाटे तीनला परभणीत पोचतो, आमची गाडी उडत नाही. या सगळ्यांना मी 'लोभ असाच राहो' कळवलेलं.

आपल्याकडे प्रेमकथेबद्दलची काळजी नेहमी भलत्याच पानाची असते. 'रंभा'च्या १९६२च्या दिवाळी अंकातली चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' अश्लील आहे का, याचा खटला पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ साली निकाल लागला की नाही, अश्लील नाही. माझ्या बाद प्रतींमध्ये मिठीची पानं मळलेली असतात, नाही कशाला म्हणू? पण तिथं पेन्सिल चालत नाही. पेन्सिल चालते ती दोघं खोली बघायला जातात तिथं, अनामत किती यावर त्यांचं वाजतं तिथं, सासू पहिल्यांदा स्वयंपाकघरात मागे उभी राहते तिथं.

तेव्हा माझं मत बदललं. माझी वाचक घर विसरायला येत नाही. असलं प्रेम आपल्या या घरात, या पगारात मावेल का, हे ती ताडून बघते. बंगल्यातलं प्रेम तिला आवडतं, पण ते तपासता येत नाही, म्हणून ती त्याबद्दल लिहीत नाही. आता मी वहीच्या मागच्या पानावर नायिकेचा जमाखर्च आधी मांडते: हातात येणारा पगार, पीएफ, गृहकर्जाचा हप्ता, भिशी. बाकी शून्याच्या जवळ आली की कथा चालायला लागते. शेवट अजून गोडच करते. त्यावर माझं मत बदललेलं नाही आणि बदलायचा विचारही नाही.

सगळ्यांना हे पटलंय असं नाही. नाशिकच्या माझ्या एका जुन्या वाचक बाई फोनवर तडकल्या, "अहो, हप्ता मी दर महिन्याला भरते. तो तुमच्या पुस्तकातही भरू का?" त्यांचं म्हणणं मला खोडून काढता आलं नाही. त्यांच्यासाठी पुढच्या कादंबरीत एक गच्ची ठेवली आहे. भाड्याच्याच घराची, पण गच्ची.

यंदाच्या दिवाळी अंकासाठी दिलेली कथा लांबली आहे. संपादक म्हणाले, अनामतीचं प्रकरण काढा आणि पाऊस वाढवा. मी म्हटलं, पाऊस काढते, अनामत राहू द्या. विचार करून सांगतो म्हणालेत.