पाण्याला वारा घालताना

चंद्रपुरात काचेची टाकी विकत घ्यायला गेलं की दुकानदार गोटे, पंप, फिल्टर यांच्यासोबत बहुतेक वेळा एक हीटरही पुढे करतो. गोल्डफिशसाठी टाकी घेत असाल तर हीटर तिथेच राहू द्या आणि त्या पैशात एक जादा एअर पंप घ्या. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो आणि तेच दिवस या माशाच्या सुखाचे असतात. त्याचं मूळ चीनमधलं. हजार वर्षांपूर्वी तिथल्या तळ्यांतल्या करड्या-हिरवट माशांत अधूनमधून एखादा तांबूस-पिवळा निघायचा. लोकांनी ते वेगळे काढले, पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवले, आणि पुढे चीन-जपानात त्यातून ओरांडा, र्‍यूकिन, शुबुंकिन असे प्रकार घडले. १८ ते २३ अंशांचं पाणी त्यांना मानवतं. चंद्रपूरचा मे महिना ४६-४७ अंशांचा. या दोन आकड्यांमधलं अंतर सांभाळणं हेच इथं गोल्डफिश पाळणाऱ्याचं खरं काम आहे.

हा मासा रोहू-कटल्याच्या कुळातला. आमच्या बोड्यांमधली मरळ, मांगूर पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेतात, म्हणून तळं आटून चिखल उरला तरी तग धरतात. गोल्डफिशला ती सोय नाही. त्याला वेगळीच देणगी मिळाली आहे. बर्फाखाली कोंडलेल्या पाण्यातला प्राणवायू संपला तर तो शरीरातल्या साखरेपासून अल्कोहोल बनवतो, ते कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो आणि असा कित्येक दिवस काढतो. पण हे कडाक्याच्या थंडीत, शरीराचा सगळा कारभार मंदावलेला असताना. गरम पाण्यात त्या देणगीचा काही उपयोग नाही. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांवर साडेसात. इकडे पुरवठा घटतो आणि तिकडे तापलेल्या शरीराची भूक जवळपास दुपटीवर जाते. त्यात अमोनियाची भर. माशाच्या कल्ल्यांतून तो सतत पाण्यात उतरत असतो आणि त्याचा विषारी भाग पाण्याच्या तापमानाबरोबर वाढतो. ३० अंशांवर तो २० अंशांच्या जवळजवळ दुप्पट असतो.

तळ्यावर जाळं टाकणाऱ्या ढिवर बांधवांना यातलं बरंच पिढ्यांपासून ठाऊक आहे. उन्हाळ्याच्या शेवटी किंवा आभाळ भरून आलेलं असलं की मासोळ्या पहाटे वर येऊन तोंड उघडतात, हे त्यांच्याकडून ऐकलं आणि मग माझ्या टाकीकडेही मी पहाटेच बघू लागलो. रात्रभर वनस्पतीसुद्धा प्राणवायू वापरतात, त्यामुळे सूर्योदयाच्या आधी तो सर्वांत कमी असतो. दुपारी टाकी कितीही छान दिसो, पहाटे मासा पाण्याच्या कातडीला ओठ लावून उभा असेल तर पाणी बिघडलं आहे असंच समजायचं.

उपाय साधा आहे. टाकीचं झाकण काढायचं, वर जाळी बसवायची आणि लहान पंख्याचा वारा थेट पाण्याच्या पृष्ठभागावर सोडायचा. वैशाखातली आमची हवा इतकी कोरडी असते की पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. घरात ३५ अंश असताना पंख्याखालची टाकी २८-२९ वर राहते. गोल्डफिशसाठी तेही जास्तच, पण त्यात तो निभावून नेतो. बर्फाचे खडे मात्र कधी टाकू नयेत. पाणी दुपारी झपकन उतरतं, संध्याकाळी पुन्हा चढतं, आणि या हेलकाव्याने मासा जितका खचतो तितका सारख्या गरमीने खचत नाही.

पंख्याची एक किंमत असते आणि ती फार कमी जण ओळखतात. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. वरून बोअरचं पाणी ओतत गेलं की टाकीतलं पाणी आठवड्या-आठवड्याने जड होत जातं. काचेवर पाण्याच्या रेषेशी पांढरा पट्टा दिसतो. बोटाने घासला तर खरखरीत लागतो, व्हिनेगरच्या बोळ्याने सुटतो. म्हणून उडालेल्या पाण्याची तूट मी आरओच्या पाण्याने भरतो. दर आठवड्याला पाव टाकी बदलतो ती नळाच्या, रात्रभर उघड्या बादलीत ठेवलेल्या पाण्याने. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला क्लोरीनचा भपकारा येऊ लागला की त्यात हायपोचे दोन-चार खडे विरघळवतो.

खाणं मे महिन्यात निम्म्यावर आणायचं. लोकांना हे क्रूर वाटतं, कारण मासा काचेशी येऊन सारखा मागत राहतो. पण गोल्डफिशला जठरच नसतं. खाल्लेलं लवकर पुढे सरकतं, पुन्हा मागावंसं वाटतं, आणि दिलेल्या प्रत्येक दाण्याचा शेवटी अमोनिया होतो. जागेचंही तसंच. ३ फूट लांब, १ फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सव्वाशे लिटर पाणी मावतं. मी त्यात दोनच मासे ठेवतो. गोल बरणीत गोल्डफिश विकणं बंद व्हावं असं मला मनापासून वाटतं.

गडचिरोलीला माझ्या भाच्याकडेही टाकी आहे. तिथली अडचण वेगळी. मृगाच्या आधीची वादळं सुटली की जंगलातून आलेल्या तारांवर झाडं पडतात आणि वीज तासन्‌तास येत नाही. एकदा रात्री त्याचा फोन आला, ‘मामा, लाईन गेली. मासे वरच येऊन रायले.’ त्याला म्हटलं, लोट्याने पाणी काढ, वीतभर उंचीवरून परत टाकीत सोड, पाचेक मिनिटं कर, थांब, पुन्हा कर. आता त्याने बॅटरीवरचा पंप घेतला आहे. वीज आल्यावर फिल्टर लगेच सुरू करू नये, हेही त्याला तेव्हाच सांगितलं. अमोनिया पचवणारे जिवाणू त्या स्पंजमध्ये राहतात आणि त्यांनाही प्राणवायू लागतो. पाणी बराच वेळ थांबलं की ते मरतात, स्पंज नासतो आणि पंप सुरू होताच ती घाण टाकीत येते. आधी स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळून घ्यायचा.

पहिला पाऊस पडला की सगळे निर्धास्त होतात. माझी काळजी तेव्हा वाढते. हवा दमट झाली की पाणी उडत नाही, पंखा नुसता फिरतो, आणि जुलैच्या उकाड्यात टाकी ३० च्या खाली यायला तयार नसते. मे महिन्यातली शिस्त तशीच चालू ठेवावी लागते. खाणं वाढवायचं ते दसरा उलटल्यावर, पहाटे चादर ओढावीशी वाटू लागली की.

फेब्रुवारीत पाणी हळूहळू कोमट व्हायला लागतं आणि नराच्या कल्ल्यांच्या झाकणावर, पुढच्या परांच्या कडेवर खसखशीएवढे पांढरे ठिपके उठतात. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग समजून लोक औषध ओततात. रोगाचे ठिपके अंगभर, शेपटीवरही विखुरतात आणि मासा अंग घासत फिरतो. हे ठिपके मात्र ठरावीक जागी ओळीने बसतात, आणि नर मादीच्या मागे लागलेला असतो. ही विणीची खूण आहे. अंडी वनस्पतींना चिकटतात. वेगळी काढली नाहीत तर आईबापच खातात.

काढली तर पिल्लं उरतात. ती रामाळा तलावात किंवा गावच्या बोडीत कधीच सोडू नयेत. हा मासा तळ उकरून पाणी गढूळ करतो, दुसऱ्यांची अंडी खातो आणि दोऱ्यासारखा अँकर वर्म सोबत नेतो. मी पिल्लं ओळखीच्यांना देतो. देण्याआधी दोनच गोष्टी विचारतो: घरी इन्व्हर्टर आहे का, आणि मे महिन्यात सगळं घर गावाला जातं का?