ग्लास डावीकडे

टेबलमांडणीच्या फोटोंत पाण्याचा ग्लास हमखास उजवीकडे, सुरीच्या टोकाशी उभा असतो. काटा डावीकडे, सुरी उजवीकडे, तिची धार ताटलीच्या बाजूला, सुरीपलीकडे चमचा. हा युरोपातला शिरस्ता, आणि तिथे तो सोयीचाच आहे. खाण्याचं काम काट्या-सुरीने केलं की दोन्ही हात कोरडे राहतात. पण वरणभात कालवलेल्या उजव्या हाताने ग्लास उचलायचा कसा? ठाण्याच्या माझ्या आत्याने सुनेने मांडलेल्या टेबलाभोवती एक फेरी मारली आणि काही न बोलता आठही ग्लास उचलून डावीकडे ठेवले.

निमित्त काकांच्या पंचाहत्तरीचं. हॉल नको, केटरर नको, घरीच जेवायचं असा त्यांचा हट्ट. वहिनीने मांडणीचे कितीतरी फोटो फोनवर जमवून ठेवले होते. मी मदतीला, म्हणजे पुसायला आणि उचलायला.

टेबल सहा फूट लांब, तीन फूट रुंद. माणशी साधारण ६० सेंटिमीटर जागा मिळाली तर कोपराला कोपर लागत नाही; त्या हिशेबाने लांब बाजूंना तीन-तीन आणि टोकांना एकेक असे आठ जण नीट बसतात. अडचण रुंदीची. आत्याची पितळी ताटं १३ इंची. समोरासमोर दोन ठेवून काठापासून बोटभर आत सरकवली की मध्ये जेमतेम आठ इंचांची पट्टी उरते. तेवढ्यात फुलं, मेणबत्त्या, भाज्यांचे डोंगे आणि पोळ्यांचा डबा! डोंगे टेबलावरच असावेत, ज्याने त्याने हवं ते घ्यावं, असं वहिनीचं म्हणणं. आत्याने ते सगळे बाजूच्या ठेंगण्या कपाटावर हलवले. वाढायला ती आणि मी.

यात पंगतीचं प्रेम होतं, नाही असं नाही. पण युरोपातल्या बड्या मेजवान्यांतही पूर्वी एका फेरीचे सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडत. एकेक पदार्थ आणून वाढायची पद्धत पॅरिसमध्ये आणल्याचं श्रेय १८१०च्या सुमाराचा तिथला रशियन राजदूत अलेक्झांडर कुराकिन याला देतात. पुढे तीच शिष्टसंमत झाली, टेबल मोकळं झालं आणि मधली जागा फुलांना मिळाली. आपले वाढपी वेगळं काय करत होते?

ताटातली मांडणी मात्र आत्याने कोणालाच करू दिली नाही. वर मधोमध मीठ. त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाज्या आणि आमटीची वाटी. मध्ये खाली भाताची मूद, वर वरण, त्यावर तूप. डावी बाजू बोटभर चाखायची, उजवी पोटभर जेवायची. जे पुन्हा पुन्हा घ्यायचं ते घासाच्या हाताशी आणि जे अधूनमधून लागतं ते जरा लांब. कागदावर आखून दाखवायला सांगितलं असतं तर एखाद्या डिझायनरनेही याहून वेगळं काही केलं नसतं, असं माझं मत.

पितळेला कल्हई हवीच. चिंच-आमसुलाची आंबट आमटी उघड्या पितळेत कळकते. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून कोळशाच्या भट्टीवरही काम होतं. भांडं तापवून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने कथील आतून फिरवायचं. आत्याची ताटं नुकतीच कल्हई होऊन आली होती, तरी आमटीला तिने स्टीलच्याच वाट्या घेतल्या. चांदीच्या वाट्या फक्त श्रीखंडाला. मिठाला चांदी चालत नाही, मीठ ती खातं. म्हणून तर विलायती चांदीच्या मीठदाण्यांना आतून सोन्याचा मुलामा असे.

मग सुगंधी मेणबत्त्यांवरून जुंपली.

"मसालेभाताचा वास यायला हवा, व्हॅनिलाचा नको," आत्या म्हणाली.

"आणि पंगतीत केळ्यात खोचलेली उदबत्ती असते ती, आई?"

"ती मांडवात, मोकळ्या हवेत. इथे खिडक्या लावून एसी चालू आहे."

मला विचाराल तर मुद्दा वहिनीचाच बिनतोड होता. तरी मेणबत्त्या दिवाणखान्यात गेल्या. निशिगंधाचे दांडेही त्यांच्या मागोमाग, कारण वास दरवळतो आणि उंचीमुळे समोरचा माणूस दिसत नाही. टेबलावर राहिली तांब्याच्या उथळ घंगाळात पाण्यावर सोडलेली शेवंती.

नॅपकिनवर दोघींचं एकमत झालं, फक्त घडीवर नाही. वहिनीने कमळं केली होती. आत्याने ती उलगडली. कमळ उभं राहायला खळ लागते आणि खळीचं कापड पाणी शोषत नाही. हाताने जेवणाऱ्याला मोठा, मऊ, सुती रुमालच हवा. ही मांडीवरच्या रुमालाची सवय साहेबांकडून आली असं आपण धरून चालतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मात्र जेवायला बसलेल्या राजाच्या नाभीपासून गुडघ्यापर्यंत पांढरं वस्त्र अंथरायला सांगितलं आहे.

वहिनीची एक गोष्ट आत्यालाही मनापासून आवडली. पांढऱ्या टेबलक्लॉथवर मधोमध तिने खणाची लांब पट्टी अंथरली होती, जांभळ्यावर लाल काठाची. गुळेदगुड्डचा खण, आत्याच्या जुन्या चोळीच्या कापडातून शिवलेला. "हे मला सुचलं नसतं," एवढं बोलून आत्या पापड तळायला आत गेली.

जेवणं रंगली. आठही जणांनी डाव्या हाताने पाणी प्यायलं आणि ग्लासांच्या जागेची कोणी दखलही घेतली नाही. व्याह्यांनी आमटी सांडली. वहिनी साबण घेऊन धावली, तर डाग लाल झाला. हळदीला अल्कली लागली की होतंच ते. "धू आणि उन्हात टाक," आत्याने सांगितलं. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही.

विहीणबाईंचं लक्ष तोवर ताटांवर होतं. कल्हईवाला कुठला, कोल्हापूरला आता कोणी मिळत नाही, घरात दोन पातेली तशीच पडून आहेत, असं त्या म्हणाल्या. आत्याने नंबर दिला आणि बजावलं, "दोन भांड्यांसाठी तो भट्टी पेटवत नाही हं. शेजारी विचारा, आणखी जमवा, आणि मग इकडे घेऊन या."