सुई लावली की पसरतो?

परवा कचेरीत जेवणाच्या सुट्टीत विषय निघाला. आमच्या एका सहकाऱ्याच्या आईच्या गालात आतून जखम झाली आहे, महिना झाला तरी भरत नाही. डॉक्टर तुकडा काढून तपासायला सांगतात. लगेच दुसरा म्हणाला, "नको रे बाबा! सुई लावली की कॅन्सर पसरतो." तिसऱ्याने मान डोलावली. माझा मात्र घास हातातच राहिला. कारण हेच वाक्य मी एकदा मुधोळला ऐकले होते, आणि तेव्हा मान डोलावणारा मी होतो.

मुधोळ म्हटले की आपल्याला कर्नाटकातले, घोरपड्यांचे मुधोळ आठवते. हे ते नव्हे. हे मुधोळ तेलंगणात, बासरच्या सरस्वतीपासून जवळ. १९५६ पर्यंत ते नांदेड जिल्ह्यात होते. राज्यपुनर्रचनेत मुधोळ, भैंसा, कुबेर हा सगळा भाग आदिलाबाद जिल्ह्याला जोडून आंध्र प्रदेशात गेला, आणि २०१६ पासून तो निर्मल जिल्ह्यात आहे. सरहद्द सरकली, पण कितीतरी घरांत मराठी राहिली. माझी बायको नांदेडची आणि तिचे मामा या मुधोळचे. २०१२ साली मुलाच्या अक्षराभ्यासासाठी आम्ही बासरला गेलो, तेव्हा मुक्काम त्यांच्याकडेच होता. काळ्या रानात कापूस, ओसरीवर बाज, आणि मामांच्या तळहातावर सतत तंबाखू आणि चुना. चिमूट डाव्या गालात जायची आणि तिथेच राहायची. रात्री झोपतानासुद्धा.

२०१६ मध्ये एका लग्नासाठी पुन्हा गेलो. जेवताना मामांना घास घ्यायला त्रास होत होता. मी विचारले तर त्यांनी ओठ बाजूला करून दाखवले. गालात पांढरा चट्टा, आणि त्याच्या मध्यावर लाल, कडक जखम. भैंशाच्या डॉक्टरने तुकडा काढायला सांगितला होता. "पण जावईबापू, सुई टोचली की ते खवळतंय म्हणतेत," मामा म्हणाले. मी म्हटले, "हो, आमच्या गोव्यातही असंच म्हणतात."

बस्स, एवढेच बोललो. जावयाने सासरच्या वडीलधाऱ्यांना शहाणपण शिकवू नये, हा एक विचार. आणि खरे सांगायचे तर मलाही तेच वाटत होते. कला शाखेचा पदवीधर मी. पेशी वगैरे दहावीच्या पुस्तकात मिटून ठेवलेल्या. पुढे मामा गेल्यावर मात्र मी मिळेल ते वाचत सुटलो. त्यातून जे समजले ते माझ्या भाषेत सांगतो.

आपल्या शरीरात तीस-पस्तीस लाख कोटी पेशी आहेत, असा अंदाज आहे. जुन्या झिजतात, नव्या येतात. गालाचे आतले अस्तर तर दोन-तीन आठवड्यांत नवे होते. एका पेशीच्या दोन होण्याआधी तिच्यातल्या डीएनएची, म्हणजे सहाशे कोटींहून अधिक अक्षरांच्या मजकुराची, पूर्ण नक्कल व्हावी लागते. नकला करण्यात आणि तपासण्यात वीस वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्या कारकुनाला हे चटकन पटले. नक्कल म्हटली की चूक आलीच! म्हणून पेशीतही तपासनीस असतात. १९७९ साली सापडलेले पी-५३ नावाचे प्रथिन हे त्यातले एक. चूक दिसली की ते काम थांबवते, दुरुस्ती करायला लावते, आणि दुरुस्ती होत नसेल तर पेशीला मरायला लावते. कॅन्सरच्या जवळजवळ निम्म्या रोग्यांत हा तपासनीसच बिघडलेला आढळतो.

एका चुकीने कॅन्सर होत नाही. अनेक चुका वर्षानुवर्षे एकाच पेशीच्या वंशात साठाव्या लागतात. तंबाखूतली विषारी द्रव्ये अक्षरे बिघडवतात, चुना अस्तर सोलतो, सोललेले भरून काढण्यासाठी पेशी पुन्हा पुन्हा फुटतात, आणि तेवढ्या नकला वाढतात. तेही रोज, एकाच जागी. आपल्या देशात सवय आणि कॅन्सर यांचे नाते शोधणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर हे मोठे नाव. घराणे गोमंतकीय, काम मुंबईच्या टाटा रुग्णालयात. धोतराची गाठ वर्षानुवर्षे कमरेला घासून होणारा त्वचेचा कॅन्सर त्यांनी आणि सूर्याबाई यांनी १९४५ साली नोंदवला. आपण गोवेकरांनीही फार मान वर करू नये. २००५ साली गोव्याने गुटख्यावर बंदी घातली खरी, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ च्या ग्रंथात नुसत्या सुपारीलाही कॅन्सरकारक ठरवले आहे. आमच्या घरचे कुळागर आहे, म्हणून हे लिहिताना हात जड होतो.

आता पसरण्याविषयी. पांढरा चट्टा म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेक चट्टे तसेच राहतात, काहींचा कॅन्सर होतो. अस्तराखाली एक अतिशय पातळ पडदा असतो, आणि रक्ताच्या व लसिकेच्या वाहिन्या त्याच्या खाली. बिघडलेल्या पेशी पडद्याच्या वर आहेत तोवर त्यांना बाहेर जायला वाट नाही. आपल्या खाजन शेताचा बांध आठवा. बांध धड आहे तोवर नदीचे खारे पाणी बाहेर. खेकडे आतून भोके पाडत राहतात तेव्हा वरून काहीच दिसत नाही, आणि एका भरतीला बांध फुटतो. या पेशीही पडदा विरघळवणारी द्रव्ये सोडून तो पोखरतात. गाठ एक-दोन मिलिमीटरपुढे वाढायची तर तिला स्वतःचा रक्तपुरवठा लागतो, असे जुडा फोकमन या अमेरिकन शल्यविशारदाने १९७१ मध्ये मांडले. गाठ आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना आपल्याकडे फांद्या काढायला लावते. मग काही पेशी सुटून वाहिन्यांत शिरतात. तोंडातल्या कॅन्सरचा पहिला मुक्काम बहुधा मानेतल्या लसिकाग्रंथींत असतो.

सुटलेल्या बहुतेक पेशी वाटेतच मरतात. ज्या तगतात त्या कुठेही रुजत नाहीत. लंडनच्या स्टीफन पॅजेटने १८८९ साली स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून सांगितले की बी सगळीकडे पडते, पण मानवेल त्याच मातीत उगवते. मामांना हे मी सांगितले असते तर एका वाक्यात समजले असते. जन्मभर त्यांनी दुसरे केले काय?

आणि सुई? तोंडातल्या जखमेचा तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही. यकृतासारख्या काही अवयवांत सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याची उदाहरणे आहेत, पण ती विरळा, आणि डॉक्टर ती काळजी घेऊनच सुई लावतात. मग हा समज आला कुठून? मला वाटते, लोक दवाखान्यात जातातच इतक्या उशिरा, की तपासणी होते तेव्हा बांध कधीच फुटलेला असतो. दोन महिन्यांनी माणूस खंगतो आणि दोष सुईला लागतो.

मामांनी आठ महिने वाट पाहिली. मानेत लिंबाएवढी गाठ आली तेव्हा मुलाने त्यांना हैदराबादला नेले. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. पण पुढे फुफ्फुसांत निघाले. २०१८ च्या पावसाळ्यात ते गेले. वेळेवर गेले असते तर वाचलेच असते, असे मी म्हणणार नाही. पण त्या आठ महिन्यांत माझ्या एका वाक्याचा वाटा होता, हे मला ठाऊक आहे. बायकोला ते मी अजून सांगितलेले नाही. आता ती हे वाचेलच.

असो. परवा डबा बाजूला ठेवून मी सहकाऱ्याला हे सगळे सांगितले. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तोंड उघडायला त्रास होऊ लागला, मानेत गाठ लागली, तर दाखवायचेच, हेही सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई ऐकत नाही. तू येऊन बोलशील?"

रविवारी जाणार आहे.